कोरडा खड्डा आणि नवं कार्ड

मी फोनच्या यंत्राचं नवं सर्किट-कार्ड खाचेत अर्धं सरकवलं होतं, तेवढ्यात लाईनमन किसनमामा ओरडले, "थांब रं! अर्थिंगचा खड्डा कोरडा हाय. ह्येबी जळंल."

मित्रहो, हे आज दुपारचं. पूर्णेजवळच्या आमच्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजमधलं. जुनं कार्ड काल जळालं आणि आमच्या बौद्ध वस्तीतला एकमेव फोन बंद पडला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची बातमी आल्यापासून गाव गप्प आहे. काही झालंच, तर पोलिसांना कळवायला तोच फोन.

"मामा, खड्ड्यात रोज पाणी टाकायचं ना?"

"हापसा गावात हाय. चार दिस झाले, तिकडं पाय उचलंना बघ."

दोघं बादली घेऊन निघालो. हापशाजवळ पाच-सहा जण बसले होते. आम्हाला पाहून त्यांचं बोलणं थांबलं. मी हापसत राहिलो. कुणी अडवलं नाही. बादली भरता भरेना.

पाणी ओतलं, कार्ड बसवलं. लाईन सुरू झाली.

तुमच्याकडे या दिवसांत असं कोणतं साधं काम भीतीनं राहून गेलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी: सहाला एक्स्चेंजवर वस्तीतून आईचा फोन आला. म्हणाली, "काय न्हाई रं. लागतो का बघितलं."