कोरड्या वर्षाची तहान

पाणीपुरवठा खात्यात तिला सगळे अंदाजबाई म्हणत. काम असं की दूरचा समुद्र किती तापलाय, वारे कुठे वळलेत, त्याचे निर्देशांक बघायचे आणि येत्या वर्षी धरणात किती पाणी येईल, शहराला किती लागेल ते सांगायचं. आपल्याला उद्याची भाजी ठरवता येत नाही, आणि ही बाई पुढच्या उन्हाळ्याचं बोलायची!

यंदा समुद्राची लक्षणं वाईट होती. वर्ष कोरडं जाणार. तरीही तिच्या गणितात शहराचं भागून थोडं पाणी उरत होतं. ते शेजारच्या गावाला द्यावं, असं तिनेच सुचवलं. त्या गावात तिची थोरली बहीण राहायची, टँकरमागे धावून धावून मेटाकुटीला आलेली. हिने लगेच फोन केला, "ताई, सुटलीस बघ!" ताईने ते गावभर केलं.

तेव्हापासून हिच्या जिवाला चैन नाही. धरणात पाणी कमी येणार, मग उरतंय कसं? गावाला पाणी द्यायचं ठरवणाऱ्या बैठकीच्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होती. चहा उतू गेला तरी लक्ष नाही.

"बस की गं एका जागी! पायाला भिंगरी लागलीय का?" आई ओरडली.

"आई, मागच्या दुष्काळात आपण पाणी कमी वापरायचो का गं? गणित म्हणतंय, कोरड्या वर्षी लोकांना पाणी कमी लागतं."

"कमी लागतं? त्या गणिताला म्हणावं, कळशी घेऊन जिना चढून दाखव! नळ दिवसाआड यायचा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

ती जागीच थांबली. मागच्या दुष्काळात मीटरवर नोंदलं गेलं होतं ते फक्त मिळालेलं पाणी, आणि तिने तेच लोकांची गरज म्हणून धरलं होतं. नळ बंद ठेवायचे आणि वर म्हणायचं, माणसं किती काटकसरी! अशी चूक करायलाही शिकलेलं डोकं लागतं, बाबा.

कचेरीत जाऊन तिने गणित नव्याने मांडलं. उरणं सोडाच, शहरालाच तूट येत होती. क्षणभर वाटलं, गप्प बसावं. तूट उन्हाळ्यात दिसेल, तोवर ताईच्या दारात पाणी तरी पोचेल. फार वाटलं तसं. पण बैठकीत साहेबांनी गावाला पाणी द्यायच्या कागदावर सहीसाठी पेन उघडलं आणि ती ताडकन उभी राहिली.

"थांबा साहेब. चूक माझीच आहे. द्यायला पाणी नाहीये."

साहेबांचा चेहरा उतरला. पुन्हा आकडेमोड सुरू झाली तशी ती बाहेर आली आणि जिन्यातून तिने बहिणीला फोन लावला. सगळं सांगितलं.

"बरं," ताई म्हणाली. "मला एवढंच सांग. आमच्याकडे नळ नाहीत, मीटर नाहीत. मग आमची गरज किती धरलीयेस?"

"शून्य," ती म्हणाली, आणि शरमेने तिचे कान तापले. आत बैठक अजून उठली नव्हती. फोन तसाच चालू ठेवून, गावाची गरजही हिशेबात धरायला लावायची म्हणून, ती धावत परत आत गेली.