गाळ हुंगणाऱ्या मॅडम

बाजारात आपण आंबा देठाशी हुंगून बघतो ना, तसा आमच्या मॅडम चिखल हुंगायच्या. डोळे मिटून, मान जराशी तिरकी करून, आणि चेहऱ्यावर असं समाधान, की आता या बोट बुडवून चाटतात की काय अशी बघणाऱ्याला भीती वाटावी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरलो होतो. पुढे सवय झाली. त्यांच्या हाताखाली माणसाला कशाचीही सवय व्हायची.

कॉलेजच्या मागच्या बाजूला आमची माती तपासायची प्रयोगशाळा होती. इतर विभागांतले लोक तिकडे सहसा फिरकत नसत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. मॅडमचा विषय पाणथळ जमिनींचं रसायन. उन्हाळ्यात पैठणकडे जायकवाडी धरणाचं पाणी मागे सरतं, खालचा गाळ उघडा पडतो आणि लोक त्यात पिकं घेतात. तो गाळ पाण्याखाली असताना आत काय काय शिजतं, आणि ऊन लागल्यावर कुठे पांढरा खार वर येतो, कुठे येत नाही, याचा शोध घेण्यात त्यांची उभी नोकरी गेली. मी त्यांचा संशोधक विद्यार्थी, म्हणजे कागदोपत्री. प्रत्यक्षात माझ्याकडे फावडं, बरण्या आणि बोलणी खाणं एवढंच खातं होतं.

"माती आधी नाकाला विचारायची, मग यंत्राला," असं त्या म्हणायच्या. पाण्याखालची हवा संपली की गाळातले जिवाणू आधी लोखंडावर आणि मग सल्फेटवर गुजराण करतात. मग गाळ काळा पडतो आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. आपल्याला तो एकच वास. मॅडमना त्यात दहा प्रकार कळायचे. हर्सूल तलावाचा गाळ कुठला आणि जायकवाडीचा कुठला, हे त्या न बघता सांगायच्या. एकदा आम्ही मुद्दाम बरण्यांवरच्या चिठ्ठ्या बदलून ठेवल्या. त्यांनी दोन्ही बरण्या हुंगल्या, चिठ्ठ्या परत जिथल्या तिथे लावल्या आणि म्हणाल्या, "दत्ता, एवढं डोकं प्रबंधात चालवलं असतंस तर एव्हाना डॉक्टर झाला असतास."

त्यांचा दुसरा जाच बरणीचा. बरणी काठोकाठ भरायची, झाकण पिळून लावायचं. "बोटभर हवा राहिली तरी तू गाळ नाही, गाळाचं मढं आणतोयस," म्हणायच्या. हवा लागली की काळा गाळ तपकिरी होतो आणि आतलं सगळं रसायन बदलतं, हे खरंच. पण म्हणून माझ्या लग्नात लोणच्याच्या बरण्यांचा आहेर करून, भर मांडवात नव्या नवरीला झाकण लावायला शिकवायचं? माझी बायको अजून बरणी बंद करताना मॅडमची नक्कल करते.

पैठणच्या बाजूला पाण्याकाठी एक मेंढरंवाली मावशी नेहमी भेटायची. मॅडम गुडघाभर चिखलात उभ्या राहून गाळाचा गोळा नाकाशी धरायला लागल्या की ती लांबूनच पदर नाकाला लावायची. एकदा तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "त्या बाईला काही झालंय व्हय? लई घाण हुंगू राहिल्या." मॅडमनी ते ऐकलं. म्हणाल्या, "मावशी, तुम्ही मेंढराच्या अंगाच्या वासावरून आजार ओळखता की नाय?" मावशी म्हणाली, "ते मेंढरू हाय बाई, चिखल नाय." मॅडम त्या दिवशी परतीच्या वाटेवर मध्येच आठवून हसत होत्या.

मग कोविड आला. मॅडम त्यातून सुखरूप उठल्या आणि कामावर आल्या. आल्या आल्या चहाचा कप हातात घेऊन त्यांनी गाळाची एक बरणी उघडली. आम्ही सगळे रुमाल नाकाला लावून दाराबाहेर पळालो. मॅडम आत शांतपणे चहा पीत म्हणाल्या, "काहीच वास नाही. दत्ता, हवा लागू दिलीस ना?" त्यांनी वळून दारातले आमचे चेहरे पाहिले, कप खाली ठेवला आणि विचारलं, "खूप येतोय का रे?" मी मान डोलावली. त्यांनी झाकण लावलं, नेहमीसारखं पिळून.

त्यानंतर त्या पाण्याकाठी आल्याच नाहीत. निवृत्तीला अजून अवकाश होता, तरी अर्ज देऊन मोकळ्या झाल्या. मी भांडलो. यंत्रं आहेत, तुमचं डोकं आहे, नाकाचं काय एवढं? "यंत्र आकडा देतं रे," त्या म्हणाल्या, "पण आकडा येण्याआधी मला जे कळायचं, त्याच्यासाठी मी येत होते." मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला.

डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की ओळखीचे वास रोज घेत राहा, कदाचित वास परत कळायला लागेल. लवंग, लिंबू, असं. मॅडम चिकलठाण्याच्या नव्या फ्लॅटमध्ये बसून कंटाळत लवंग हुंगायच्या. मला वाटलं, या नाकाचं आणि लवंगेचं एवढं काय नातं? म्हणून मी जाताना हर्सूलचा गाळ न्यायला लागलो. त्या मुकाट्यानं हुंगायच्या, "नाही रे," म्हणायच्या आणि चहा टाकायच्या. असं वर्षभर चाललं. शेवटी शेवटी त्या फक्त माझं मन राखायला हुंगतात, असं मला वाटायला लागलं होतं.

गेल्या महिन्यात मी पैठणहून येत होतो, म्हणून जायकवाडीचाच गाळ बरोबर घेतला. मॅडमना फोन करून येतोय एवढंच सांगितलं. स्टँडवरून रिक्षा केली. थोडं पुढे गेल्यावर रिक्षावाल्यानं वळून विचारलं, "क्या मर गया भाई थैली में?" आणि अर्ध्या वाटेत उतरवलं. उरलेला रस्ता मी पिशवी अंगापासून लांब धरून चालत गेलो. बेल वाजवली.

दार उघडायच्या आधीच आतून आवाज आला, "दत्ता, झाकण नीट लावलं नाहीस तू."

"सॉरी मॅडम," मी सवयीनं म्हणालो. मग माझ्या लक्षात आलं.

दार उघडलं. मॅडमच्या हातात पळी होती, ती त्यांनी माझ्या हातात दिली आणि बरणी घेतली. डोळे मिटले. मान जराशी तिरकी केली. मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी बरणी काही नाकापासून हलली नाही.

"हर्सूलचा नाही हा," त्या म्हणाल्या. "जायकवाडी."

मी पळी धरून तसाच उभा राहिलो. शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं, कुणीतरी डोकावलं आणि दार धाडकन बंद झालं.

मॅडमनी पदरानं डोळे पुसले, झाकण पिळून लावलं आणि दरडावून विचारलं, "फावडं आहे ना अजून तुझ्याकडे?"