खाटेवर न झोपणारा माणूस

"दोन दिन व्हयनात, मन्हा हातनं खातच नही हाऊ म्हातारा," शेवंतामावशी म्हणाल्या. "मी काय जहर टाकस का?"

मी नंदुरबारच्या बेघर निवारा केंद्राचा मॅनेजर आहे. घर नसलेल्या प्रौढांना इथे खाट, अंघोळीचं पाणी आणि दोन वेळचं जेवण मिळतं. मावशी स्वयंपाक करतात. वेस्ताबाबा तीन महिन्यांपूर्वी रेल्वे स्टेशनवरून आले. शांत माणूस. पण त्या आठवड्यात त्यांनी अंघोळ बंद केली, खाट सोडून फरशीवर झोपू लागले. विकतचे फुटाणे तेवढे खायचे.

मी नगरपालिकेतल्या आमच्या साहेबांना फोन केला.

"रेफर करा," ते म्हणाले.

"कुठे?"

"सिव्हिलला. तिथून मनोरुग्णालयात पाठवतील. उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार, तुम्ही की मी?"

रेफर करणं म्हणजे आपल्याकडचा माणूस कागदासकट दुसऱ्याच्या हवाली करणं. मनोरुग्णालयात गेलेला, न्यायला कोणी नसलेला माणूस लवकर बाहेर येत नाही, हे मला ठाऊक होतं. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: 'स्वच्छता, अन्न व बिछाना नाकारतो.' पत्नीला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. सुतकात मीही गादी सोडून चटईवर झोपलो होतो. त्याला कोणी आजार म्हटलं नव्हतं. सही करताना हे आठवलं. तरी सही केली.

सिव्हिलची गाडी आली की द्यायला म्हणून कागद वॉचमन दिलवरकडे दिला. तो धडगावकडचा. त्याने कागद वाचला.

"सर, येडा तो का तुम्ही?" मग त्याने जीभ चावली. "म्हणजे, बाबा पालनीत आहे. होळी आली ना."

पालनी म्हणजे सातपुड्यातलं होळीचं व्रत. ते धरलेला माणूस तेवढे दिवस खाटेवर बसत नाही, अंघोळ करत नाही, बाईच्या हातचं खात नाही. मी याच जिल्ह्यात जन्मलो. हे सगळं पुस्तकात वाचलेलं होतं. समोर फरशीवर दिसलं तेव्हा ओळखता आलं नाही.

"पण तीन महिने गाव विचारतोय, सांगत नाहीत."

"तुम्ही घर कुठे म्हणून विचारलं असेल. घर राहिलं नसेल तर काय सांगेल?"

दिलवरने त्यांच्या बोलीत विचारलं, होळी कुठली? बाबा पहिल्यांदाच हसले.

"काठी." सातपुड्यातलं, होळीसाठीच प्रसिद्ध असलेलं गाव.

"मंग मन्हा हात चांगला शे म्हना!" मावशी म्हणाल्या.

गाडी परत पाठवली. साहेबांनी लेखी खुलासा मागितला, तो दिला. दिलवर होळीला जाणारच होता. बाबांना घेऊन तळोद्यापर्यंत एसटीने गेला, पुढे जीपने. चार दिवसांनी एकटाच परतला. होळीत भाच्याने बाबांना ओळखलं होतं. घर खरंच पडलं होतं. बाबा भाच्याकडेच राहिले.

आता कोणी पत्त्यापाशी गप्प झालं, की मी होळी कुठे करता ते विचारतो. फॉर्मवर तसा रकाना नाही. उत्तर समासात पेन्सिलने लिहून ठेवतो.