टिनाने कापलेला हात

रायपुरात चाकू लागलेला माणूस आधी डॉक्टरशी खोटे बोलतो. ते कोणी शिकवावे लागत नाही. चाकू म्हटला की पोलीस केस, आणि पोलीस केस म्हटली की खासगी दवाखाना हात लावत नाही, सरकारीत जा म्हणतो. तिथे चिठ्ठी, रांग, शिपायाचे प्रश्न. तोवर रक्त वाहत राहते. म्हणून लोक सांगतात की पडलो, काच लागली, टिनाचा पत्रा लागला.

मी एका हिंदी दैनिकासाठी गुन्ह्यांच्या बातम्या करते. रोज संध्याकाळी ठाण्यांना फोन करून काय नोंदले गेले ते विचारायचे आणि लिहायचे, हे काम. जे नोंदले नाही ते घडलेच नाही, असे कचेरीत कोणी म्हणत नाही. पान मात्र तसेच लागते.

माझा मावसभाऊ भनपुरीच्या एका यार्डात ट्रक चालवतो. मावशीचे यजमान रेल्वेत होते. ते गेल्यापासून घर भावाच्या फेऱ्यांवर चालते. फेरी झाली तर पैसे, नाही तर नाही. माल भरायला ट्रक ओळीने उभे राहतात आणि कधीकधी दोन-दोन दिवस हलत नाहीत. एका मे महिन्यात दुसऱ्या एका ड्रायव्हरने आपला ट्रक ओळ मोडून पुढे घातला. भाऊ खाली उतरला आणि नंबर कोणाचा, असे विचारू लागला. त्या माणसाच्या हातात ताडपत्रीची दोरी कापायचा चाकू होता. भावाने तोंडापुढे डावा हात धरला.

यार्डातल्या सोबत्याने त्याला मोटरसायकलवर घालून समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात नेले. काय सांगायचे ते दोघांनी वाटेतच ठरवले. मावशीचा फोन आला तेव्हा ती एवढेच म्हणाली, “त्याले टीन लागलं म्हणतेत. तू जाय बरं लवकर.”

मी पोचले तेव्हा टाके घालणे चालू होते. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, “टिन बड़ी सीधी चली है.”

“हव डाक्टर साहब,” सोबती म्हणाला, “नया टिन था.”

कंपाउंडर हसला. भाऊही थोडा हसला. कागदावर टिन लिहिले गेले. सरकारी दवाखाना तिथून लांब होता आणि हाताला गुंडाळलेला गमछा पार भिजला होता. रक्त थांबवायचे होते, ते थांबले.

टाके निघाल्यावर करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वळेनात. शीर तुटली होती. दरम्यान तो ड्रायव्हर यार्डात रोज येत होता. चहाच्या ठेल्यावर तो सगळ्यांदेखत म्हणाला की, “टिन तो अभी और पड़ी है यार्ड में.” सोबत्याने ते घरी येऊन सांगितले.

“आज बोटं गेली, उद्या मान जाईन,” मावशी म्हणाली. “काहून नाई करत तू केस?”

“आई, कागज में टिन है न.”

“मंग तो कागज घेऊन बस. काम नोको करू.”

यार्डावर परत जायचे तर त्या माणसाला कोणीतरी अडवायला हवे होते. आणि अडवायचे तर गुन्हा नोंदायला हवा होता. मी भावाबरोबर ठाण्यात गेले. हवालदार ओळखीचा होता. त्याने खुर्ची दिली, दवाखान्याचा कागद वाचला आणि परत केला.

“दीदी, आप तो रोज लिखती हैं. इसमें मैं चाकू कहाँ से लाऊँ?”

मग त्याने भावाला विचारले, भांडण कशावरून झाले?

“नंबर से.”

“पिए थे?”

“नहीं.”

“लेन-देन? लड़की का मामला?”

“नंबर का था, साहब. लोडिंग का.”

हवालदाराने पेन थांबवले. नंबरसाठी कोणी चाकू मारतो का, असे त्याला वाटत असावे. बातमीत आम्हीही तेच लिहितो. दारू, पैसा, बाई, जुनी दुष्मनी एवढ्यात सगळी कारणे बसतात. उन्हात उभी ओळ, बुडालेली फेरी आणि पुढे सरकवून द्यायला चिरीमिरी घेणारा यार्डाचा मुनीम, हे कशात घालायचे ते ठरलेले नाही.

साक्षीला सोबती आला नाही. “भैया, मेरे को भी वहीं कमाना-खाना है,” म्हणाला. शिवाय टिन त्यानेच सांगितले होते.

शेवटी गुन्हा न नोंदता साधा अर्ज घेतला गेला. दोघांना बोलावून समज दिली. तो ड्रायव्हर भावापेक्षा वयाने मोठा. छोटा भाई है अपना, असे म्हणत तो पुढे आला. हवालदाराने त्यांना गळाभेट घ्यायला लावली. भावाने डावा हात बाजूला धरून ठेवला, दुखू नये म्हणून.

वर्ष संपताना पोलिसांनी पत्रकारांना सांगितले की त्या भागात चाकूबाजी कमी झाली. आकडा खोटा नव्हता, नोंदलेले सगळे त्यात होते. कमी कशाने झाली, असे मी विचारले. गस्त वाढवली, असे उत्तर आले. पोलिसांचा हवाला देऊन मी ते लिहिले.

मावशीने तेलीबांध्याला एका इमारतीत चौकीदाराची जागा शोधली होती. पगार फेऱ्यांच्या निम्माही नव्हता. भाऊ यार्डात परत गेला. गिअर आता तो तळहाताने ढकलतो.

मागे एकदा बातमीसाठी भनपुरीला गेले तेव्हा त्याला भेटले. ओळीत त्याचा ट्रक तिसरा होता. मागून तोच चाकूवाला ड्रायव्हर ट्रक घेऊन आला आणि त्याने एकदाच हॉर्न दिला. भावाने ट्रक मागे घेऊन जागा करून दिली. त्यासाठी मागच्यांनीही आपापले ट्रक मागे घेतले.

“रोज का है, दीदी,” भाऊ म्हणाला. “अब झगड़ा नहीं होता.”

त्याची त्या दिवसाची फेरी झाली नाही. संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे ठाण्याला फोन केला. भनपुरीत सगळे शांत होते.