हातचा एक

बालवर्गाच्या बाईंना चित्रं काढता येत नव्हती, आणि शिकवायच्या होत्या चित्रांवरून बेरजा. आता बोला! त्यांचं बदक हुबेहूब किटलीसारखं दिसायचं, आणि माणूस म्हणजे काड्या टोचलेला बटाटा. पण पोरांना काय त्याचं? "दोन किटल्या अधिक एक किटली, तीन किटल्या!" अशी आरोळी ठोकून सगळी मोकळी. उत्तर बरोबर आलं ना, मग बदकाचं कशाला मनाला लावून घ्यायचं, असं म्हणत बाईही हसायच्या.

त्या दिवशी मात्र त्यांचं हसू पळालं होतं. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, तास बघायला येणार होत्या. तास आवडला तर नोकरी कायम, नाहीतर घरी बसा. त्यात बाईंना दिवस गेलेले. "कागदावर सही होईपर्यंत तोंडातून ब्र काढू नकोस," सासूबाईंनी बजावलं होतं, "नाहीतर तुझ्या जागी दुसरी कोणी बघतील." म्हणून बाईंनी ढगळ कुडता घातला, पोट आत ओढलं आणि खडू उचलला. आत बाळ होतंच, त्यात भीतीचा गोळा!

मोठ्या बाई मागच्या बुटक्या खुर्चीत कशाबशा मावल्या. तास झकास रंगला. किटल्या झाल्या, छत्र्या झाल्या, एकही बेरीज चुकली नाही. बाईंना चेवच आला. "आता आपापली बेरीज कोण काढतं फळ्यावर?"

पिपाणी धावत आली. आवाजावरून पडलेलं नाव ते, कुजबुजली तरी शेजारच्या वर्गाला ऐकू जाई. तिनं एक लठ्ठ बटाटा काढला. "या मोठ्या बाई." मग अधिकचं चिन्ह, आणखी एक बटाटा. "या आपल्या बाई." आणि पुढं झोकात आकडा लिहिला, तीन.

"पुन्हा मोज बरं, राणी," बाई म्हणाल्या.

"तीनच!" दुसऱ्या बटाट्याच्या आतला चिमुकला बटाटा दाखवत पिपाणी म्हणाली. "हे तुमचं बाळ. आमचा छोटू पोटात होता ना, तेव्हा आईपण उठताना अशीच कमरेवर हात ठेवायची. तुम्हीच म्हणता ना, दिसेल ते सगळं मोजायचं?"

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. झालं, संपलं सगळं! डोळे भरून आले, फळा दिसेनासा झाला.

मोठ्या बाई उठल्या. खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली, ती सोडवून त्या फळ्यापाशी आल्या. चष्मा चढवला, एकेका बटाट्यावर बोट ठेवलं. "एक, दोन, तीन. उत्तर बरोबर आहे."

मग बाईंकडे वळून हळूच म्हणाल्या, "बेरीज शिकवता आणि हातचा लपवून ठेवता होय? दुपारी या, कायमच्या कागदावर सही करते. येताना रजेचा अर्जही घेऊन या."

बाई डोळे पुसू लागल्या. पिपाणी घाबरली. "बाई, माझं चुकलं का?"

"नाही गं बाळा, माझंच चुकत होतं. एक कमी मोजत होते," बाई म्हणाल्या, आणि सकाळपासून आत ओढून धरलेलं पोट त्यांनी एकदाचं सैल सोडलं.