मामाजींच्या दाढीची वाटी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढचं ऐकताना तुम्हाला माझी थोडी तरी कीव यायला हवी.

लग्न होऊन जेमतेम महिना झाला होता. मावला गावातल्या या घरात माझी ख्याती एकच, सून शांत आहे. आता शांत राहू नको तर करू काय? आमच्याकडे सून सासऱ्यांशी थेट बोलत नाही. मामाजी, म्हणजे माझे सासरेही माझ्याशी बोलत नाहीत. ते ओसरीच्या खांबाशी बोलतात. "च्या झाला का म्हना," असं खांबाला विचारतात आणि मी दाराआडून बांगड्या वाजवते. वाजल्या की हो, नाही वाजल्या की नाही. एवढ्या भाषेवर आमचं झकास चाललं होतं.

त्या दिवशी माझ्या नणंदेला, शालूला बघायला बोथ गावची मंडळी येणार होती. स्थळ चांगलं, आणि मुख्य म्हणजे मुलाचा फोटो पाहून शालू दोन वेळा जेवायला विसरली होती. हे जुळलंच पाहिजे, असं घरात प्रत्येकाला वाटत होतं. आमचे हे पाहुण्यांना आणायला फाट्यावर गेलेले. सासूबाई शालूला साडी नेसवायला आतल्या खोलीत शिरल्या, आणि शिरता शिरता मला म्हणाल्या,

"सूनबाई, मामाजीले दाढीचं सामान देजो. असे खुंट घेऊन बसले त पाहुने म्हनतीन, पोरीचा बाप बिमार हाय का काय!"

एवढं एकच काम!

आणि दाढी मला नवी थोडीच होती? माहेरी बाबांची रोज बघितलेली. बाबा गाल ओले करतात, साबणाची कांडी सरळ गालावर फिरवतात आणि ब्रश तिथेच गोल गोल घुसळतात. फेस तोंडावरच तयार होतो. शेजारी एका वाटीत साय असते, ती दाढी झाल्यावर गालाला चोळायची. थंडीत कातडी तडकू नये म्हणून. अख्ख्या जगात दाढी अशीच होते, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मोरीच्या कोनाड्यात ब्रश, वस्तरा, आरसा सगळं सापडलं. साबणाची कांडी तेवढी दिसेना, म्हणून आपला अंगाचा साबण घेतला. आणि तिथेच एक स्टीलची वाटी होती, तळाला काहीतरी पिवळट, घट्ट वाळून बसलेलं. बाई गं! पाहुणे यायच्या दिवशी अशी वाटी? बसले घासायला. आणि काय सांगू, हात लावला की फेस! घासू तेवढा फेस, धुवू तेवढा फेस. मी मनात म्हटलं, सासूबाई भांड्यांची पावडर मात्र एक नंबर आणतात!

मामाजी साबण वाटीतच थापून ठेवतात आणि फेसही वाटीतच करतात, हे मला सांगणार कोण? खांब?

ओसरीवर सामान मांडून मी दाराआड उभी राहिले. मामाजींनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांना आरशात स्वतःचं नाकसुद्धा शोधावं लागतं. त्यातून सर्दीने ते नाक पार चोंदलेलं. त्यांनी इकडेतिकडे चाचपलं आणि खांबाला म्हणाले, "वाटी कुठं हाय म्हना."

अगंबाई, साय राहिलीच की! मी त्या लखलखीत वाटीत म्हशीच्या दुधाची दाट साय काढली, पदर सावरून त्यांच्यापुढे ठेवली आणि परत दाराआड.

मामाजींनी ब्रश ओला केला आणि थेट सायीत घातला.

मला जरा नवल वाटलं. पण म्हटलं, इकडे आधी साय लावत असतील. नव्या सुनेने पद्धती शिकाव्यात, शंका काढू नयेत.

मामाजी घोटायला लागले. साय फुगली. गालावर चढली. "आज साबन मस्त फुलला," मामाजी खांबाला म्हणाले आणि एक गाल साफ केला. तेवढ्यात शेजारची मांजर आली आणि त्यांच्यासमोर मन लावून बसली. मला सांगा, दाढीच्या साबणासमोर कधी मांजर बसते का?

साबण! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ती वाटी, ती पावडर, तो फेस...

दुसऱ्या गालासाठी मामाजींनी पुन्हा जोर लावून घोटलं. आता ब्रशला गोळे चिकटायला लागले. "आता काऊन बसून राह्यला हा फेस? तुपकट काऊन लागून राह्यलं?"

हे बांगड्यांनी कसं सांगायचं? मी जिवाच्या आकांताने दोन्ही हातांच्या बांगड्या खळखळवल्या.

"बरं हाय म्हनता? मंग ठीक हाय," असं म्हणून मामाजींनी तो गोळा गालावर थापला.

फाटकाशी ऑटो थांबला. मुलाचे आईवडील उतरत होते, मागे आमचे हे. आणि इकडे पोरीच्या बापाच्या गालावरून ओघळ! शालूचं लग्न माझ्या डोळ्यांसमोर वितळत होतं. पदर सुटला, रीत सुटली, मी ओसरीवर धावले आणि ओरडले,

"मामाजी, थांबा! लोनी हाय ते!"

मामाजींनी गालावरून बोट फिरवून चाटून पाहिलं. मग खांबाला सोडून, पहिल्यांदाच, सरळ माझ्याकडे वळले.

"मंग इतका वेळ बोलली काऊन नाही?"

मुलाचे वडील हसता हसता पायरीवरच बसले. "अहो, म्हनून फेस तोंडावरच करावा! वाटीत काय पडन, काय भरोसा?"

"तोंडावर साबन वाया जाते," अर्धी दाढी ठेवून मामाजी भांडायला तयार!

दोघे त्यावर असे जुंपले की चहा गार झाला, पण मनं जुळली. ह्यांच्या ट्यूबमधल्या क्रीमने दुसरा गाल उरकला, शालू पोह्यांच्या बशा घेऊन आली, आणि शेवटी मुलाच्या आईने निकाल दिला.

"पोरगी आमाले पसंत हाय. एकच इच्यारतो. सैपाक कोनाजवळ शिकली हे? या वयनीजवळ त नाही ना?"

"नाही!" अख्खं घर एका दमात ओरडलं. मान खाली घालून बसलेली शालूसुद्धा. आणि मामाजींचा आवाज सगळ्यांच्या वर.