मेनगीचा झगा

मेनगीची आई बाळंतपणात गेली, तेव्हा माझ्या आईनं त्याला अन् माझ्या भावाला, बुदिकला, बरोबरीनं पाजलं. पुढं गोड गळ्यापायी मठानं मेनगीला ठेवून घेतलं. तिथं तो साधू झाला.

एकदा एका चोराचा पाठलाग करत सरदाराचे स्वार मठाच्या हद्दीवरल्या दगडी क्रुसापाशी आले. मेनगी अनवाणी त्यांच्या वाटेत आडवा उभा राहिला. आत शिरलेला माणूस मठाच्या संताचा, तुमच्या धन्याचा नव्हे, म्हणाला. स्वार माघारी गेले. त्या दिवसापासून गाव त्याच्यावर जीव टाकायचं. पुढं त्याच सरदारानं त्याला बिशपच्या गादीवर बसवलं, तर आम्ही खुळ्यांनी टेकडीवर होळ्या पेटवल्या.

तिसऱ्या वर्षी सरदाराचा कारभारी आमची होडी ओढून न्यायला आला. झटापटीत बुदिकनं ढकललं, तो खडकावर आपटून मेला. बुदिक मठात पळाला. चाळीस दिवस मी त्याला लापशी पोचवली. स्वार क्रुसाबाहेर ठाण मांडून होते.

मग मेनगी आला. आमच्यात रीत अशी, की बिशपचा झगा धरून चालणाऱ्याला कुणी हात लावायचा नाही. तो नेईल तिथवर मठाचीच हद्द. धर झगा, मुलखाबाहेर नेणाऱ्या गलबतापर्यंत सोडतो, असं तो बुदिकला म्हणाला.

"खुराड्यातल्या कोंबड्यागत झालंय माझं, चल," बुदिक हसला. "पण घोडी लई जवळ उभी हाईत रं."

"मी हाय न्हवं?"

क्रूस ओलांडून वीसेक पावलं झाली. मी मागंच होते. मेनगीचा हात गळ्याशी गेला. त्यानं झग्याचा आकडा सोडला अन् मागं न बघता तसाच चालत राहिला. बुदिकच्या मुठीत नुसता झगा उरला.

मी धावत जाऊन मेनगीला गाठलं. "आकडा निसटला, का तू काढलास? तेवढं सांग."

"घरी जा, बाई," तो म्हणाला. माझ्या आईचं दूध प्यालेला.

बुदिकला त्याच दिवशी फाशी दिलं.

यंदा मेनगी म्हातारा होऊन वारला. त्याचं चरित्र लिहायला मठातला एक साधू माझ्याकडं आला. मी सगळं सांगितलं, सावकाश, दोनदा. तो मान डोलवत लिहीत होता.

काल देवळात ते सगळ्यांना वाचून दाखवलं. थंडीनं कुडकुडणाऱ्या एका खुन्याला बिशपनं अंगावरचा झगा काढून दिला, असं त्यात होतं. लोकांनी डोळे पुसले. शेजारची सून, ती तेव्हा जन्मलीही नव्हती, माझा हात दाबून म्हणाली, "भाग्याचा गं तुझा भाऊ, आत्या."